लघुपटाला संदेशाची सक्ती कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की लघुपट स्पर्धांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. ‘सामाजिक संदेश देणाऱ्या लघुपटाला प्रथम क्रमांक’ हे वाक्य त्यात ठरलेलं. त्या वाक्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. माझा धंदा पिठाच्या गिरणीचा. सिनेमाशी संबंध तिकीट काढून बसण्यापुरता. पण यंदा आमच्या गल्लीतल्या, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं वर्गासाठीचा लघुपट माझ्या गिरणीत केला आणि तो होताना मी जवळून पाहिला.

गोष्ट अगदी एवढीशी. नवी सून गव्हाचा डबा घेऊन गिरणीत येते. सासूनं बजावलेलं असतं, ज्वारीवर, म्हणजे ज्वारीच्या लगेच मागून, दळून आणू नकोस, गव्हावरच दळायला सांग. गिरणीत नेमकी ज्वारी चालू. आता ज्याला ज्वारीवर दळलेलं चालतं असं कुणी गहू घेऊन येईपर्यंत बाकावर बसणं आलं. ती बसते. मैत्रिणीला फोन लावते, रस्ता बघते, चप्पल काढून पाय वर घेते. हळूहळू तिला वाटायला लागतं, गहू नाही आला तरी बरं. शेवटी एक आजोबा गव्हाची पिशवी घेऊन येतात आणि तिचं तोंड उतरतं. संपला सिनेमा. गिरणी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ही बाई रोज येते.

कॅमेरा आणण्याआधी ही मुलगी वही घेऊन माझ्या बाकावर नुसती बसत होती. गर्दी कधी होते, मोटर कधी बंद असते, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन किती वाजता आत येतं, सगळं टिपून घ्यायची. मग चौकोन आखून त्यात काड्यांची माणसं काढली. प्रत्येक चौकोनाला नंबर दिला आणि नंबर लावले ते गोष्टीच्या क्रमानं नव्हे, उन्हाच्या क्रमानं. आजोबा येतात तो शेवटचा प्रसंग सकाळी आधी उरकला आणि ती डबा घेऊन येते तो पहिला प्रसंग चारनंतर. डब्यांवर गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या असतात, त्या काढून खोट्या नावांच्या लावल्या. ज्या वहिनींना चित्रात यायचं नव्हतं त्यांना तिनं विनंती करून पाहिली नाही, सरळ कॅमेऱ्याची जागा बदलली. माझा रेडिओ बंद करायला लावला, कारण मागे वाजणारं गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं आणि पुढे लघुपट कुठे टाकायचा म्हटलं की ते नडतं.

पहिल्याच दिवशी मोबाइलच्या पडद्यावर माझ्या ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकताना दिसले. पोरं गोंधळली. मी म्हटलं, बाळ, आपली वीज पन्नास सायकलची, चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते, तुझा कॅमेरा कितीवर आहे? तो होता सेकंदाला तीस चित्रांवर आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर. तिनं शंभराशी जुळतील अशी पंचवीस चित्रं आणि पन्नासावा भाग केला, पट्टे गेले. चाळीस वर्षं मोटारीशी खेळण्याचा सिनेमालाही उपयोग होतो हे कळल्यावर मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

एका मुलाच्या डोक्यात आलं की उन्हाच्या झोतात मूठभर मैदा उधळायचा, म्हणजे चित्र झकास दिसेल. ते मात्र मी करू दिलं नाही. बंद जागेत हवेत तरंगणारं पीठ ठिणगीनं भडकतं, त्यानं स्फोट होतात. गिरणीत बिडी का ओढू देत नाहीत हे त्या पोरांना त्या दिवशी कळलं. मग त्यांनी थर्माकोलचा तुकडा उन्हात धरून उजेड वळवला आणि मोटारीच्या पट्ट्याजवळ एरवीच उडणारं पीठ टिपलं. तेवढं पुरलं.

आवाजाचं काम मला सर्वांत आवडलं. गिरणी चालू असताना शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, मग संवाद कसे घेणार? बोलण्याचे सगळे प्रसंग तिनं दुपारी मोटर बंद ठेवून घेतले. पंखाही बंद, घामानं सगळे निथळत होते. नंतर मोटारीचा आवाज वेगळा मुद्रित केला: सुरू होताना, दाणे पडत असताना आणि दाणे संपल्यावर. दाणे संपले की दगडाचा सूर बदलतो. गिरणीवाला पाठमोरा असला तरी त्यावरून ओळखतो. हा बदललेला सूर तिनं अगदी शेवटी वापरला, सुनेच्या चेहऱ्यावर. दळण झालं हे कुणी बोलत नाही, पण कळतं. शिवाय एकदा सगळ्यांना अर्धा मिनिट पुतळ्यासारखं उभं करून रिकाम्या गिरणीतला नुसता आवाज भरून घेतला. दोन संवाद जोडताना मधली फट त्यानं भरायची असते म्हणे.

जात्यावरची ओवी घाल, असं तिला घरच्यांपासून वर्गापर्यंत सगळ्यांनी सुचवलं. ओवी कुणाच्या मालकीची नाही, त्यामुळे तीही अडचण नव्हती. ती म्हणाली, “काका, ही पोरगी बाकावर बसून ओवी म्हणेल का? ती रील बघेल.” मला पटलं. ओवी घातली असती तर गुण वाढले असते, हेही तितकंच खरं.

कारण गुणांचं झालं ते असं. सादरीकरणाला मीही गेलो होतो. लघुपट संपला, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: “यातून समाजाला संदेश काय?” ती म्हणाली, संदेश असा काही नाही, त्या मुलीला तासभर मिळाला, एवढंच. परीक्षकांनी सुचवलं, शेवटी ‘सुनेलाही माणूस म्हणून वागवा’ अशी पाटी टाका, परिणाम होईल. तिनं टाकली नाही. गुण कापले गेले. तक्ता तिनं मला दाखवला. त्यात ‘सामाजिक संदेश’ हा वेगळा रकाना आहे. आवाजाला रकानाच नाही.

बाकीचे लघुपटही पाहिले. मोबाइलचं व्यसन, मतदान, प्लास्टिक, हेल्मेट. विषय महत्त्वाचे आहेत, त्यांची टिंगल करायची नाही. पण बहुतेकांचा शेवट एकच, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि मागे रडकी बासरी. एकात बाप मुलाला समजावतो तो सगळा प्रसंग पंख्याच्या घरघरीत बुडाला होता. बाप काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही, पण पाटी वाचता आली. त्याला बक्षीस मिळालं. पोरं हुशार असतात. पाटीला गुण आहेत म्हटल्यावर ती पाटीपासून सुरुवात करतात आणि तिच्या मागे गोष्ट चिकटवतात. आठ-नऊ मिनिटं कुठून तरी भरून काढायची, झालं.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केलं होतं, हे या परीक्षकांना माहीत असणारच. वाटाणा पेरून, त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं टिपून एक छोटा चित्रपट केला. तोच दाखवून भांडवल मिळवलं, तेव्हा कुठे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या वाटाण्यातून समाजाला काय संदेश होता? कॅमेऱ्यानं हे दाखवता येतं, एवढाच. आज तो वाटाणा या तक्त्यावर नापास झाला असता.

आमच्या कोल्हापूरचंच उदाहरण कुणी उलट देईल, की बाबूराव पेंटरांच्या १९२५च्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात संदेश नव्हता का? होता की. पण त्याच बाबूरावांनी त्याच्या आधी खपून कॅमेरा इथेच बनवला होता, यंत्र हातात बसवलं होतं. आणि शेतकऱ्याची जमीन जाताना दिसली म्हणून सावकारी लोकांना कळली. आपल्या पोरांना विषयाचा आग्रह आपण पहिल्या दिवसापासून करतो आणि यंत्र हातात बसलं की नाही हे शेवटपर्यंत विचारत नाही.

म्हणून स्पर्धा घेणाऱ्यांना आणि प्राध्यापकांना विनंती आहे. संदेशाचा रकाना काढून टाका, निदान ऐच्छिक करा. त्या जागी वहीला गुण द्या: प्रसंगांची यादी, जागेची पाहणी, कुणाकुणाची परवानगी घेतली, ऐनवेळी काय बदललं. त्या मुलीची वही माझ्याकडे आहे. पिठानं माखली म्हणून ती इथेच ठेवून गेली. कुणाला बघायची असेल तर दुपारी एक ते तीन सोडून कधीही या. परीक्षकांत आवाजाचं काम केलेला एक तरी माणूस बसवा; या शहरात तशी माणसं कमी नाहीत.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. या स्पर्धांच्या बातमीत प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, सूत्रसंचालक, आभार मानणारे अशी ओळीनं नावं येतात. त्यातली थोडी गाळून आवाज आणि संकलन करणाऱ्या पोरांची नावं छापलीत तर बातमीची लांबीही वाढणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक गिरणीचालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर