मानधनाच्या त्या ओळीबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. एका समाजाचे जुने फोटो आणि आठवणी डिजिटल संग्रहात जपायला तुमच्या संस्थेकडे अनुदान मागणारा आमचा पहिला प्रस्ताव तुम्ही परत पाठवलात, त्याबद्दल.

तेव्हा मी चिडलो होतो. दोन स्कॅनर, हार्ड डिस्क, सर्व्हरचं भाडं, एक प्रोग्रामर, सगळं रीतसर मांडलं होतं. तुम्ही फोनवर विचारलंत, ज्यांचे फोटो आणि ज्यांच्या आठवणी, ती माणसं या खर्चात कुठे आहेत? मी म्हटलं, ती आनंदाने मदत करतील. तुम्ही म्हणालात, मग प्रोग्रामरलाही आनंदानेच करू दे.

त्या रात्री तक्ता पुन्हा केला. सांगणाऱ्यांना मानधन, प्रवासखर्च, दुभाषी, बायका बोलायला बसतील तेव्हा मुलं सांभाळायला कुणीतरी. शिवाय पहिले सहा महिने एकही पान स्कॅन न करता नुसतं भेटण्यासाठी. हे सहा महिने तुम्ही वरच्या समितीत कसे पटवलेत कोण जाणे. स्कॅन केलेली पानं मोजता येतात; भरवसा कुठल्या रकान्यात लिहायचा?

त्यातून काय झालं ते सांगतो. संग्रहालयाच्या सूचीत एका जुन्या फोटोखाली ‘स्त्री, भांडे घेऊन’ एवढीच नोंद होती. त्या समाजातल्या एका आजींनी चष्मा पुसला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाल्या, ही माझ्या आईची मावशी. नाव सांगितलं, मी चुकीचं टाइप केलं, त्यांनी दोनदा दुरुस्त करायला लावलं. पुढचा फोटो घरात कुणी गेल्यानंतरचा होता. तो बघून त्यांनी स्क्रीनवर सरळ हातच ठेवला. हा आमच्या माणसांपुरताच, म्हणाल्या.

आमच्या पहिल्या आराखड्यात सगळं सगळ्यांना खुलं होतं, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता! तुम्हीच मुकुर्तु ही डिजिटल संग्रहाची प्रणाली बघायला सांगितलंत. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगु लोकांबरोबर 2007 साली उभ्या राहिलेल्या संग्रहातून ही प्रणाली आली. मुकुर्तु म्हणजे त्यांच्या भाषेत मौल्यवान वस्तू जपून ठेवायची पिशवी. कुठली नोंद कुणी बघायची हे तिथे समाज ठरवतो. सॉफ्टवेअर मोफत आहे. पैसे लागतात ते ठरवायला बसणाऱ्या माणसांच्या वेळेचे. संशोधकांची 2016 ची ‘फेअर’ तत्त्वं विदा (म्हणजे डेटा) सापडावी, पुन्हा वापरता यावी एवढं बघतात. आदिवासी समाजांच्या विदेसाठी 2019 मध्ये आलेली ‘केअर’ तत्त्वं विचारतात, फायदा कुणाचा आणि अधिकार कुणाचा. आजींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, त्यांनी हात ठेवला.

आणखी एक. अनुदान संपलं की सर्व्हर बंद पडतो आणि लोकांनी विश्वासाने दिलेलं पुन्हा नाहीसं होतं, हे या क्षेत्रात नेहमीचंच. तुम्ही प्रकल्पानंतरच्या पाच वर्षांचं भाडं आधीच बाजूला काढायला लावलंत. (तुमचा अहवालाचा फॉर्म मात्र अजूनही भयंकर आहे, तेवढं बघा.)

पुढचा प्रस्ताव या आठवड्यात तुमच्याकडे येईल. या वेळी अर्जदार आम्ही नाही, त्या समाजाचंच मंडळ आहे. खर्चाचा तक्ता आजींच्या नातीने केलाय. मानधनाची ओळ सगळ्यात वर आहे. स्कॅनर सगळ्यात खाली, ‘जुना चालेल’ असा शेरा मारून.

आपला,
प्रकल्पातला एक जण