विषय : अमोनियम क्लोराइडमध्ये लोहाची अशुद्धी, माल बदलून मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

पुण्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेसाठी आपल्या येथील वितरकाकडून अमोनियम क्लोराइडच्या ५०० ग्रॅमच्या बाटल्या घेतल्या. लेबलवर ‘ॲनालिटिकल रीएजंट’ (म्हणजे रासायनिक तपासणीला चालेल इतके शुद्ध) छापले आहे. आतला माल पाहता कल्हईवाल्याचा नवसागर (तोही अमोनियम क्लोराइडच) बरा म्हणायची वेळ आली आहे.

सध्या बारावीचे साल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखण्याचे प्रात्यक्षिक, चालू आहे. मॅग्नेशियम सल्फेट मिळालेल्या मुलांनी ओळीने ‘फेरिक’, म्हणजे लोह, लिहिले. त्यात मुलांचे काही चुकले नव्हते. तिसऱ्या ग्रुपला, म्हणजे लोहासारखे धातू ओळखण्याच्या टप्प्याला, अमोनियम क्लोराइड घालून अमोनियम हायड्रॉक्साइड (अमोनियाचे द्रावण) सोडले की नळीत तांबूस-तपकिरी साका बसत होता. तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकले की गडद निळा रंग, म्हणजे लोहाचीच खूण. मग मुलांनी दुसरे काय लिहायचे?

आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘तुमचे पाणी तपासा’ असे सुनावले. तपासले. साल्ट न घेता नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आपले अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घातले, तरी तोच तपकिरी साका. तेच पाणी, तोच अमोनिया, फक्त अमोनियम क्लोराइड कपाटातल्या जुन्या बाटलीतले घेतले, तर द्रावण नितळ. आपल्या बाटलीतली चिमूट पाण्यात विरघळवून थोडे आम्ल आणि पोटॅशियम थायोसायनेट घातले, तर द्रावण रक्तासारखे लाल झाले, हीही लोहाचीच खूण. पाण्याचा विषय इथेच संपावा.

हे अभिकर्मक (चाचणीसाठी घालायचे रसायन) जरा कमी घालून भागवा, असाही सल्ला मिळाला. तिसऱ्या ग्रुपला अमोनियम क्लोराइड सढळ हाताने घाला, असे आम्हीच शिकवतो. त्यातल्या अमोनियम आयनांमुळे हायड्रॉक्साइड आयन आवरते राहतात, म्हणून मॅग्नेशियम, झिंक, मँगनीज तिथे खाली बसत नाहीत. म्हणजे जो पद्धत नीट पाळेल, त्याच्याच नळीत लोह जास्त! एखादे साल्ट अशुद्ध निघाले तर तेवढे बाजूला ठेवता येते. इथे अभिकर्मकच बिघडल्याने तिसऱ्या ग्रुपपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक साल्टचे उत्तर बिघडू शकते.

बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहे. तरी सर्व बाटल्या, उघडलेल्यासुद्धा, आठ दिवसांत आपल्या खर्चाने बदलून द्याव्यात. नवा माल त्याच बॅचचा नसावा आणि सोबत त्या बॅचचा तपासणी दाखला असावा. जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. हीच बॅच आणखी कोणत्या महाविद्यालयांत गेली असेल, तर त्यांनाही लगेच कळवावे.

बिलाची प्रत आणि बॅच क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे. एक सीलबंद बाटली आपल्या तपासणीसाठी राखून ठेवली आहे.

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख, रसायनशास्त्र विभाग
सदाशिव पेठ, पुणे