गोवराची लस ‘उतरते’ का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

बीड जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून लसटोचणी केली. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या लेकीसुना बाळाचं कार्ड घेऊन अजून दारात येतात. हल्ली त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “मावशी, लहानपणी टोचलेली गोवराची लस आता उतरली असेल ना? परत घ्यावी लागते का?” प्रश्न रास्त आहे, पण काळजीची खरी जागा दुसरीच आहे, म्हणून हे पत्र.

गोवराची लस धनुर्वाताच्या लशीसारखी दर काही वर्षांनी घ्यावी लागत नाही. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो अंगात थोडा वाढतो आणि शरीर त्याची ओळख कायमची धरून ठेवतं. एकदा गोवर निघाला की जन्मात पुन्हा निघत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर ६५ वर्षं गोवर फिरकला नव्हता. १८४६ साली तो आला आणि पावणेआठ हजार वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पण १७८१ साली लहानपणी गोवर काढलेल्या एकाही म्हाताऱ्याला तो पुन्हा झाल्याचं पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळलं नाही. लशीचं वय एवढं नाही, ती १९६३ सालची. तरी फिनलंडमध्ये १९८२ पासून दोन डोस मिळालेल्यांपैकी काहींचं रक्त वीस वर्षांनी तपासलं, तेव्हा शंभरात ९५ जणांत गोवराची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) सापडली. वयाबरोबर ती थोडी कमी होतात. दोन डोस झालेल्या एखाद्याला क्वचित गोवर होतोही, पण तो बहुधा सौम्य असतो.

मग लस घेतलेल्या मुलाला गोवर का निघतो? बहुतेक वेळा लस उतरलेली नसते, ती मुळात लागूच झालेली नसते. नवव्या महिन्यात काही बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं शिल्लक असतात, ती लशीच्या विषाणूला वाढू देत नाहीत. त्यामुळे पहिल्या डोसानंतरही शंभरातली पंधराएक मुलं उघडी राहतात. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो. तो डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरच्याच दिवशी देतात, म्हणून आम्हीही सरसकट ‘बूस्टर’ म्हणत आलो. आया समजल्या, हा वरचा डोस, राहिला तर राहिला. ही आमची चूक होती.

माझ्या उपकेंद्रातल्या एका मुलीला नवव्या महिन्यात मीच टोचलं होतं. दुसऱ्या डोसाच्या वेळी घरचे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. परतल्यावर कार्ड हरवलं आणि विषय मागे पडला. चौथ्या वर्षी तिला गोवर निघाला, मागोमाग न्यूमोनिया झाला. पोर वाचली. आई मला विचारत राहिली, “तुम्ही तर टोचलं होतं की.”

अशीच एक अख्खी पिढी आहे. सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ मध्ये आली, दुसऱ्या डोसाची सुरुवात २०१० मध्ये झाली. २०१८ च्या गोवर-रुबेला (दोन्ही रोगांची एकत्र लस) मोहिमेत महाराष्ट्रात १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा डोस मिळाला. १९८५ नंतर जन्मलेल्या, पण मोहिमेवेळी पंधरा वर्षांपुढे गेलेल्या कित्येकांना एकच डोस आहे, आणि आज तेच आईबाप, परिचारिका, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी डॉक्टरांना “लस उतरली का” असं न विचारता “माझे डोस किती झाले” हे विचारावं. मुलींनी तर दिवस राहण्याआधीच विचारावं, कारण गरोदरपणात ही लस देत नाहीत. शिवाय लस घेतलेल्या आईकडून बाळाला मिळणारं संरक्षण गोवर होऊन गेलेल्या आईपेक्षा कमी दिवस टिकतं. नवव्या महिन्यापर्यंत ते बाळ भोवतालच्या माणसांच्या भरवशावर असतं. २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत साथ पसरली, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली होती.

आपल्या दैनिकात लसीकरण सत्रांच्या तारखा छापताना नुसतं ‘बूस्टर’ न लिहिता ‘गोवर-रुबेला दुसरा डोस’ असं स्वच्छ छापावं, ही विनंती. आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, तो मजकूर आमच्या भागात एकदा ठळक यावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड