दिग्या, उरलेलं पाकीट टाकू नकोस

कोल्हापूर,
१० मे

प्रिय दिग्या,

तुझं पत्र मिळालं. लीड्समधलं वाढलेलं घरभाडं, कमी झालेल्या शिफ्टा, सगळं दोनदा वाचलं. एवढ्या ओढाताणीतही तू महिन्यातून एकदा घरी बिअर लावतोस आणि चार मराठी पोरं जेवायला बोलावतोस, हे वाचून फार बरं वाटलं. तेवढं मोडू नकोस. पण एक गोष्ट मनातून जाईना. १०० ग्रॅम हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वाळक्या फुलांचं पाकीट घेतोस, ४० ग्रॅम लागतात आणि उरलेले दीड-दोन महिन्यांत खवट होतात म्हणून कचऱ्यात जातात. गड्या, निम्म्याहून जास्त माल टाकतोयस तू!

बिअर कशी लावतात ते मी तुला शिकवणार नाही. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये घरच्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही, इथं कायद्यानं घरी करताच येत नाही. पण वासाचा माल सांभाळणं हे आमच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचं तीन पिढ्यांचं काम आहे. मागच्या दिवाळीत तू हॉप्सची फुलं दळून दाबून केलेल्या गोळ्या दाखवायला आणल्या होत्यास. एक बोटात चुरडली तर संत्र्याच्या सालीसारखा वास हाताला संध्याकाळपर्यंत होता. तेव्हाच वाटलं, हा माल मिरचीसारखाच नाजूक आहे.

परवाच आमच्याकडे चटणीचं कांडप झालं. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण. आई अजूनही चिनी मातीच्या बरणीत चटणी दाबून दाबून भरते, वर हिंगाचा खडा ठेवते आणि तोंडाला फडकं बांधते. लहानपणी मला वाटायचं, जागा पुरावी म्हणून दाबते. कारण कळायला एक वर्ष फुकट घालवावं लागलं. दुकान हातात आल्यावर मी मोठ्या हौसेनं पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि चटणी सैल भरून मांडणीवर ठेवली. दिवाळीपर्यंत रंग उतरला आणि खोबऱ्याचा खवट वास यायला लागला. गिऱ्हाईक परत आलं, आईनं फक्त पिशवी हातात घेऊन दाबून दाखवली. आत हवाच हवा होती.

तुझ्या हॉप्सचंही तेच होतंय. त्या फुलात पिवळी लुप्युलिनची पूड असते, तिच्यात कडूपणा देणारी अल्फा आम्लं आणि वासाची तेलं असतात. हवेतला ऑक्सिजन दोन्हीला खातो. पाकिटाला येणारा तो शिळ्या चीजसारखा, घामेजलेल्या मोज्यासारखा वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. तू पाकिटाचं तोंड दुमडून चिमटा लावतोस आणि फ्रीजच्या दारात ठेवतोस. दार दिवसातून वीसदा उघडतं, फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा ती. आणि चिमट्यानं हवा थांबत नाही.

म्हणून पाकीट उघडशील त्याच दिवशी उरलेल्याच्या पुड्या कर. पुढच्या वेळी ३० ग्रॅम लागणार असतील तर ३० ग्रॅमचीच पुडी, म्हणजे एक उघडताना दुसरीला हवा लागत नाही. पिशवी ॲल्युमिनियमच्या थराची घे. साध्या झिपच्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतोच. व्हॅक्यूम मशीन लगेच विकत घेऊ नकोस. पिशवी हातानं दाबून हवा काढायची आणि तोंडावरून गरम इस्त्रीची कड फिरवायची, पक्कं बंद होतं. काचेची बरणी वापरायचीच तर लहान घे आणि गळ्यापर्यंत भर. अर्धी रिकामी बरणी म्हणजे आत अर्धी हवाच. मग पुड्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशाला, तळाशी. ढोबळ हिशेब असा की तापमान १५ अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे २० अंशांच्या खोलीच्या मानानं फ्रीजरमध्ये तो साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. बाहेर काढलीस की पुडी खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच फोड. नाहीतर थंड गोळ्यांवर दव धरतं.

पुडीवर जात, पिकाचं वर्ष, अल्फाची टक्केवारी, वजन आणि फोडल्याची तारीख लिही. जातीत फार फरक असतो. तुझं आवडतं कॅस्केड टिकायला कच्चं, खोलीत सहा महिने राहिलं तर अल्फा जवळपास निम्मी होते. मॅग्नम तेवढ्याच काळात बरंच टिकून राहतं. पैसे जपायचे असतील तर कडूपणासाठी मॅग्नमचं मोठं पाकीट घे, कॅस्केड लागेल तेवढंच.

जुनं झालेलंही सगळंच वाया जात नाही. ६ टक्के अल्फा उतरून ४ वर आली असं धरलं, तर ३० ग्रॅमच्या जागी ४५ ग्रॅम घाल आणि पूर्ण तासभर उकळ. कडूपणा भरून निघेल, गेलेला वास मात्र परत येणार नाही. शेवटी वासासाठी घालायला ताजेच हवेत. चीजचा वास सुटला असेल तर मोह सोड. बेल्जियममधले लँबिकवाले, म्हणजे तिथली आंबट बिअर करणारे, मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने हॉप्स वापरतात, पण त्यांना कडूपणा नकोच असतो, बिअर नासू नये एवढ्यासाठी ते घालतात. तुझ्या पेल एलचं, त्या फिकट रंगाच्या कडसर बिअरचं, तसं नाही.

आणि एक, हे विसरू नकोस. वहिनींनी कुत्रं पाळलंय म्हणालास. हॉप्स कुत्र्याला विषारी असतात, उकळून उरलेला चोथासुद्धा. ताप एकदम चढतो आणि जीव जाऊ शकतो. चोथा अंगणात टाकू नका, झाकणाच्या डब्यातच टाका.

धाकटी मावशी २ जूनला मँचेस्टरला लेकीकडे निघालीय. तिच्याबरोबर दोन किलो चटणी आणि ॲल्युमिनियमच्या थराच्या ५० रिकाम्या पिशव्या पाठवतोय. दुकानात त्या १०० ग्रॅम चटणीच्या मापाच्या आहेत, गोळ्यांना पुरतील असं वाटतं. लहान हव्या असतील तर या आठवड्यात फोन कर, दुसऱ्या काढून ठेवतो. आई विचारतेय, चटणीत लसूण नेहमीएवढा चालेल ना?

तुझा,
सुहास