दुकान आईच्या नावाचं असू दे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपला माल आपणच ऑनलाइन विकायचा विषय फोनवर काढला की बाबा "ह्या आपल्याक जमाचा नाय" म्हणतात आणि आई फोन घेऊन जेवलीस का विचारते. म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी मिळून सावकाश वाचा.

आपली भातुकली मला इंटरनेटवर विकायला ठेवलेली दिसली. चूल, जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, घागर, सगळा संच. घागरीच्या गळ्याखाली आई पिवळी रेघ ओढते आणि तिच्यावर लाल ठिपके देते, एक मोठा, एक बारीक, पुन्हा मोठा. ते ठिपके मी कुठंही ओळखीन. किंमत १,६५० रुपये. व्यापारी तुम्हाला त्याच संचाचे ४५० देतो. पण मला खरं लागलं ते किमतीपेक्षा दुसरंच. कुणी केलं, कुठं केलं, यातलं एक अक्षर तिथं नव्हतं. 'सावंतवाडी' एवढं तरी लिहायचं! 'सजावटीचा लाकडी स्वयंपाकघर संच' असं काहीतरी नाव होतं आणि खाली विकणाऱ्याचा पत्ता भलत्याच शहरातला.

व्यापाऱ्याशी भांडा असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात बाजार ओस पडतो तेव्हा तो येऊन माल उचलतो आणि रोख पैसे देतो, हे मला ठाऊक आहे. माझी फीसुद्धा त्यातूनच भरली गेली. पण आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक गावात येत नाही. महामार्ग झाराप-पत्रादेवीवरून बाहेरच्या बाहेर गेला, गोव्याला जाणाऱ्या गाड्या गावातल्या मोती तलावाकडे वळेनाशा झाल्या. आता गिऱ्हाईक फोनवर बघून घेतं. तिथं आपल्या मालाला भाव आहे हे त्या १,६५० वरून दिसतंच आहे. मग तो माल आपल्या नावानं का नको?

बाबा, तुम्ही मागे भाच्याकडून प्रयत्न केला होतात आणि साइटनं आयएसआयचा परवाना मागितला म्हणून सोडून दिलंत. त्याची मी नीट चौकशी केली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो दर्जाचा शिक्का केंद्राच्या आदेशानं सक्तीचा आहे, हे खरं. पण त्याच आदेशात पुढं दुरुस्ती झाली. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. जीआय, म्हणजे अमुक वस्तू अमुक गावचीच असं सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालेली वस्तू तिच्या अधिकृत वापरकर्त्यानं बनवून विकली तर तिलाही सूट आहे. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंना आणि गंजिफाला, म्हणजे आपल्या हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना, २०२४ साली जीआय मिळालंय. म्हणजे दोन्ही दारं तुम्हाला उघडी आहेत. आणि 'बनवून विकलेल्या' हे शब्द परत वाचा. सूट हातानं करणाऱ्याला आहे, मधल्या माणसाला नाही. म्हणून तर आपली भातुकली तिथं 'सजावटीची' झाली, खेळण्यातली राहिली नाही.

यासाठी दोन कागद करायचे आहेत. पहिलं कारागीर ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात. ते दोघांची वेगवेगळी काढायची. दुसरा जीआयच्या अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज. त्याची फी पाचशेवरून दहा रुपयांवर आणलेली आहे, त्यामुळे त्या खर्चाचा विचारही करू नका. केंद्राची कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आहे, तिच्यात कुटुंबातल्या एकाचंच नाव लागतं, ते बाबांचं लावू. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात आणि तुमच्या पटाश्या आता घासून घासून बोटभर उरल्यात.

दुकान मात्र आईच्या नावाचं करायचं. पॅन आईचं, बँकेचं खातं आईचं.

आई, तू लगेच "माझं कशाला" म्हणशील. बाबा लेथवर पांगाऱ्याचं लाकूड उतरवतात, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात, केवड्याच्या पातीनं चकाकी आणतात, ते काम मोठंच आहे. पण पाटावरची कमळं, चौरंगाची वेलबुट्टी, गंजिफाचं एकन् एक पान तुझ्या हातचं. दशावतारी संचाची १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू काढताना तू श्वास रोखून धरतेस हे मी लहानपणापासून बघत आलेय. आणि पावती नेहमी बाबांच्या नावाची. बाबांनी ते मुद्दाम केलं नाही, रीतच तशी होती. १९७० च्या दशकात गंजिफा जवळजवळ संपायला आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात तिला पुन्हा उभं केलं, म्हणून आज तुझ्या हाती ती आहे. आता ती कोण काढतं हे लोकांना कळायला हवं.

आता पैशाचं. बाबांना आकडे लागतात, म्हणून मांडते. भातुकली आपण १,४०० ला ठेवली असं धरा. साइटचं कमिशन आणि बाकीच्या फिया मिळून पाचवा हिस्सा गेला तर २८० गेले. कुरिअर १५०, खोका आणि आतली बांधणी ६०. हातात ९१० राहिले. लाकूड, लाख, रंगाचे १८० काढले तर मजुरी ७३०. व्यापाऱ्याच्या ४५० मधून तेच १८० वजा केले तर २७० उरतात, आणि ते दोघांच्या मेहनतीचे. वस्त्रोद्योग मंत्रालयाचं 'इंडियाहँडमेड' म्हणून एक संकेतस्थळ आहे, तिथं कमिशन घेत नाहीत. तिथं गिऱ्हाईक कमी असेल, पण तिथंही नाव लावून ठेवू.

कुरिअरचं गणित मात्र नीट लक्षात घ्या, कारण नफा तिथंच जातो. ते नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची जागा बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. येईल ते किलो आणि खरं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे, मग आत नुसता कापूस का असेना. आपला संच एक किलोच्या आतला. पण ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातला तर तीन किलोचे पैसे पडतात. २४ बाय १८ बाय ११ च्या खोक्यात एक किलोच्या आत बसतो. तर बाबा, घागरीचं तोंड जरा रुंद ठेवून वाट्या तिच्यात बसतील अशा करता येतील का? जातं आणि पोळपाट तळाला, त्यावर चूल उपडी. तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगलं जमवाल. आत पेंढा नको, ओल धरतो आणि पावसात त्याला किडे होतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून मध्ये घालायच्या.

फोटो पडवीत काढायचे, सकाळी, ऊन यायच्या आधी. ट्यूबच्या उजेडात लाल रंग काळपट दिसतो, मग गिऱ्हाईक म्हणतं फोटोत वेगळं होतं. शेजारी मोजपट्टी ठेवा. आकार न कळल्यामुळे परत येणारा माल सगळ्यांत जास्त असतो. लोकांना खरी घागर येईल असं वाटतं आणि मुठीएवढी येते. लाकडाबद्दलही दोन ओळी लिहायच्या. पावसात आपल्याकडे घट्ट बसणारं डब्याचं झाकण नागपुरात मे महिन्यात सैल होतं, हे बाबा नेहमी सांगतात. तेच गिऱ्हाइकाला आधी सांगितलं की तक्रार येत नाही, उलट माणूस जाणकार आहे हे त्याला कळतं.

गंजिफाचा संच परत घ्यायचा नाही, म्हणजे तशी सोय नसेल त्या साइटवर तो ठेवायचाच नाही. १२० मधलं एक पान कुणी हरवून संच परत पाठवला तर तो कुणालाच विकता येत नाही, आणि ते एक पान पुन्हा त्याच रंगात काढणं किती कठीण, हे आईलाच विचारा. पाठवण्याआधी पानं मोजतानाचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवायचा.

जीएसटीची भीती काढून टाका. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान माणसाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पॅनवर एक नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो, तेवढा मी काढून देईन. मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, आपण तिच्या आसपासही नाही. त्यामुळे पहिलं वर्ष मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर एवढंच. परराज्याचं आणि परदेशाचं नंतर.

आणि आता जे मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते. घाई करायची नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बाबांचा गुडघा संध्याकाळी सुजतो. साइटवाले वेळेत माल गेला नाही तर दुकानाचं रेटिंग खाली आणतात, म्हणून सुरुवातीलाच 'तयार व्हायला पंधरा दिवस' असं लिहायचं. ज्याला हातची वस्तू हवी तो थांबतो. दुकानात एका वेळी चारच संच दाखवायचे, गोदामभर माल दाखवायचा नाही. साइटच्या मोठ्या सेलमध्ये भाव पाडायला ते फोन करतील, गोड बोलतील. त्यांना नाही म्हणायचं. आपल्या भावातून आधीच जेवढं जायचं तेवढं गेलेलं असतं, वरची सूट म्हणजे आईच्या हाताची मजुरी. गणपतीच्या पाटांच्या आणि चौरंगांच्या ऑर्डरी श्रावण लागायच्या आधी घ्यायच्या बंद, आणि चतुर्थीला दुकानावर सुट्टीची पाटी. आपला गणपती सोडून दुसऱ्याच्या पार्सलवर पत्ते लिहीत बसलेलं मला बघायचं नाहीये.

मेसेजना उत्तरं मी देईन, ऑफिस सुटल्यावर रोज. हिशेबही माझ्याकडे. तुम्ही फक्त करायचं आणि बांधायचं. पार्सल न्यायला कुरिअरवाला घरी येतो, तुम्हाला बाजारात जायला नको.

प्रत्येक वस्तूच्या तळाला आईनं बारीक कुंचल्यानं स्वतःचं नाव आणि 'सावंतवाडी' लिहायचं. आई, याला नाही म्हणू नकोस. व्यापाऱ्याला जो माल द्याल त्याच्यावरसुद्धा लिही. त्याला चालत असेल तर त्यानं न्यावा.

आधार, पॅन आणि पासबुकच्या झेरॉक्स काढून ठेवा. आईच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला नाही, तो केंद्रात जाऊन जोडून घ्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. मी पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतेय, अर्ज तेव्हा भरू. आणि बाबा, व्यापारी दिवाळीच्या मालाचा शब्द मागायला याच सुमारास येतो. त्याला होकार द्यायच्या आधी मला एक फोन करा.

तुमची,
बाय