दुर्गम वस्त्यांसाठी मदतसंच भरणाऱ्या मंडळीतील स्वयंसेवकांना सूचना

ओआरएसचं (जुलाब झाल्यावर पाण्यातून द्यायच्या क्षार-साखरेच्या मिश्रणाचं) पाकीट एक लिटर पाण्याचं असेल, तर संचात लिटरची खूण असलेली बाटली हवीच. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं की क्षार जास्त होतात आणि बाळ आणखी बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायला सांगा.

क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात नीट काम करत नाही. आधी घडी घातलेल्या कापडातून गाळायचं, गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. किती लिटरला एक गोळी, हे वस्तीतल्या लोकांच्या भाषेत लिहा, शिवाय चित्र काढा. दूध पावडर कृपया देऊच नका: अशुद्ध पाण्यात कालवलेली बाटली तान्ह्यांच्या जिवावर बेतते.

वाटप प्रार्थनासभेला जोडू नका. मदतीला धर्माची अट नको, हे १९९४ च्या रेडक्रॉस आचारसंहितेतही आहे.