नोकरी सोडली आहे, काळजी करू नका

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आई, तुझा आवाज ऐकून मीच अडखळले असते, म्हणून लिहिते आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. आधी बोलले नाही ते मुद्दाम. बाबा नीट चालायला लागेपर्यंत तुमच्या जिवाला आणखी घोर नको होता.

भांडून वगैरे सोडलेली नाही. चांगलं चाललं होतं. पण संध्याकाळी कुणाचं तरी ऐकून घेताना जे समाधान मिळायचं, ते तिथे दिवसभरात कधी मिळालं नाही. पैशांची सोय केली आहे. शिक्षण संपेपर्यंतचा खर्च बाजूला काढलाय, विम्याचा हप्ता भरलाय. तुमच्याकडे दर महिन्याला येतात तेही त्याच तारखेला येतील. औषधं, कामाच्या मावशी, रात्रीच्या सोबतीच्या बाई, यातलं काहीही बंद करायचं नाही. आणि बाबा, ती ठेव मोडायला जाऊ नका. मी ओळखते तुम्हाला.

‘या वयात?’ हे तुमच्या मनात येईलच. ते मी स्वतःला विचारून विचारून थकले. अर्ज भरायचा, शेवटच्या पानाशी थांबायचं, बंद करून टाकायचा. आधी खात्री वाटू दे, मग बघू, असं म्हणत वर्षं गेली.

अर्जासोबत एक निबंध लिहायचा होता. त्यासाठी वाचताना अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाची मांडणी हाती लागली, १९७७ सालची. ‘मला जमेल’ हा विश्वास चार गोष्टींतून येतो: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्याला करताना पाहिलेलं, इतरांनी दिलेला धीर, आणि अंगातली धडधड आपण कशी समजून घेतो ते. त्यांत सगळ्यांत भक्कम पहिली. बाबा, मला तुम्हीच आठवलात. ऑपरेशननंतर जिन्याशी कठडा इतका घट्ट धरला होतात की बोटं पांढरी पडली होती. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. भीती जाईपर्यंत थांबला नाहीत. घाबरतच चढलात, आणि वर पोचेपर्यंत पकड सैल झाली होती. मी थांबले होते ती खात्री कशी येते, ते डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री अर्ज पाठवून दिला.

आई, धीर देण्यात तुझं काही कमी पडलं असं मनातही आणू नकोस. पाठांतराच्या स्पर्धेला तू दाराशी उभी राहून कविता ओठांनी पुटपुटायचीस आणि मी तुझ्या ओठांकडे बघत म्हणायचे. तेवढ्यावर मी इतकी वर्षं तगले. अजूनही घाबरले की तुझा पदर धरावासा वाटतो. आणि बाबा, ‘त्या वर्षामुळे पोरीचं राहून गेलं’ असं आता म्हणू नका. तेव्हा घराला जे हवं होतं ते आपण सगळ्यांनी मिळून केलं. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

शंका गेलीय असं नाही. वर्गात बहुतेक जण माझ्याहून खूप लहान आहेत. पहिल्या तासाला छाती धडधडली, हात वर करायला वेळ लागला. पण केला. आता धडधडलं की ‘झेपणार नाही’ असा अर्थ काढत नाही. नवीन काम आहे, धडधडणारच.

आता ऐका. गुडघ्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत, बरं वाटत असलं तरी. न्हाणीघराबाहेरचं सुटं पायपुसणं आजच उचला, पाय सरकतो त्यावरून. रात्री जिन्यातला दिवा चालू राहू दे, विजेचा हिशोब मी बघते. आई, रक्तदाब रोज वहीत लिहायचा, आठवून एकदम नाही.

रविवारी फोन करते. राग आला असेल तर खुशाल रागवा, सगळं ऐकून घेईन. पण बाबा, अबोला तेवढा धरू नका.

तुमची,
मनू